रक्ताचा वाटा, तव्याचा वाटा

"अन्न हेच माणसाचं नशीब! जन्म, कूळ, रक्त हे सगळे मागाहून शोधलेले बहाणे. माणूस आईबापांचा नव्हे, आपल्या ताटाचा वंशज असतो!"

हे उद्गार धाकट्याने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढले. आवाज चढलेला होता, उजवा हात हवेत होता, आणि वाक्यही असं होतं की संगमरवरावर कोरून चौकात लावावं. बोलणं संपल्यावर त्याने श्रोत्यांकडे पाहिलं. आक्का पर्समध्ये चष्मा शोधत होती. वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिसरी श्रोती फरशी पुसायला आलेली बाई होती. ती म्हणाली, "पाय वर घ्या."

ताटाच्या वंशजाने पाय वर घेतले.

दाराच्या पलीकडे दादा झोपला होता. त्याच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा नुकताच काढून टाकला होता. तुकड्यात कॅन्सर होता, पण तो आपल्या जागीच बसलेला सापडला, इकडे-तिकडे फिरायला निघालेला नव्हता. सर्जन खूश होता. दादाही खूश असावा, पण नाकात नळी असल्यामुळे त्याला तसं दाखवता येत नव्हतं.

दादा थोरला. त्याच्या पाठची आक्का, आणि तिच्या पाठी बऱ्याच वर्षांनी आलेला धाकटा. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत जात होता आणि त्याच्या सदऱ्याची बटणं तीच लावायची. दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी. खाली दुकान, वर वहिनीचं स्वयंपाकघर. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर तो जिन्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "वर एवढं चांगलं जेवण मिळतंय, कशाला?" दुकानामागच्या खोलीत तो राहायचा आणि दोन्ही वेळा वर जेवायचा.

सर्जनने जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: "भावंडांनीही तपासून घ्या. दुर्बीण घालून बघावं लागेल." दुर्बीण कुठून घालतात हे त्याने हाताने दाखवलं नाही, पण सगळ्यांना समजलं. त्या दिवसापासून घरात खटला उभा राहिला. आरोपी दोन, रक्त आणि तवा.

तवा म्हणजे वहिनीचा लोखंडी तवा. त्यावर ती मांस असं परतायची की कडा काळ्या, कुरकुरीत व्हायच्या. दुकानात आलेलं गिऱ्हाईकही वास घेऊन दोन मिनिटं उगाच रेंगाळायचं. आता दोष तव्याचा ठरला, तर भावंडं सुटली, दुर्बीण टळली, पण वहिनीने इतकी वर्षं नवऱ्याला काय वाढलं याचा हिशोब तिच्याकडे मागितला जाणार. दोष रक्ताचा ठरला, तर वहिनी सुटली, पण भावंडं दुर्बिणीखाली. त्यामुळे सत्य काय याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. प्रत्येकाला आपापलं सत्य आधीच ठाऊक होतं.

आक्का तव्याच्या विरोधात होती. लग्न झाल्यापासून ती उकडलेल्या भाज्या खायची आणि आपण त्या खातो हे लोकांना सांगायची. दोन्हींपैकी सांगणं तिला जास्त मानवलं होतं. कारण रक्तात आहे असं निघालं, तर एवढ्या गाजरांचा काय उपयोग झाला, हा प्रश्न उभा राहणार होता.

वहिनी रक्ताच्या विरोधात होती. "यांच्या वडिलांना काय झालं होतं? पोटाचंच दुखणं होतं," असं ती हळू आवाजात म्हणायची.

"वडिलांना पोटाचं दुखणं होतं कारण ते कोणाचं ऐकायचे नाहीत," धाकटा म्हणायचा. हे वैद्यकशास्त्रात बसत नव्हतं, पण घरात बसत होतं.

धाकटा दुर्बीण का टाळत होता याचं खरं कारण मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. गेले काही महिने त्याला सकाळच्या वेळी, जिथे दिसू नये तिथे, लाल रंग दिसत होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो घाबरला. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा त्याने विचार केला. विचार करून तो बाजारात गेला आणि बीट घेऊन आला. बीट खाल्लं की लाल दिसतं, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो रोज बीट खात होता, म्हणजे कारण हाताशी राहील. रोग आधी आणि कारण मागाहून, असा हा उलटा क्रम त्याला मुळीच खटकला नाही. बीट संपलं की त्याला धास्ती वाटायची, आणि तो पुन्हा बाजारात जायचा.

दादा घरी आल्यावर हॉस्पिटलातल्या जनुकांच्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. या बाई आनुवंशिकतेचा सल्ला द्यायच्या. आधी घरातल्या रोगांची चौकशी, मग खाण्याची चौकशी, मग रक्त, असा त्यांचा क्रम होता. दादा अजून जिना उतरत नव्हता, म्हणून त्याच्या वतीने वहिनी आली.

इथे काचेच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. काच कधी चौकटीच्या मापाची कापत नाहीत. माप घ्यायचं आणि त्यातून थोडं कमी कापायचं. याला सूट सोडणं म्हणतात. सूट सोडली नाही तर लाकूड फुगल्यावर काच तडकते. या घरातली माणसं लहानपणापासून सूट सोडत आली होती, आणि ही सवय काचेपुरती राहिली नव्हती. ताप किती आहे, बाजार किती लांब आहे, वय किती झालं, सगळी उत्तरं थोडी कमी. धाकटा चाळिशीत बरीच वर्षं काढून पन्नाशीला आला होता आणि अजून चाळिशीतच होता. यात खोटेपणा मुळीच नव्हता. आकडा तडकू नये एवढीच काळजी.

बाईंनी विचारलं, "आठवड्यातून मांस किती वेळा?"

"एकदा," धाकटा म्हणाला. "फार तर."

"एका वेळी किती?"

"चवीपुरतं."

"कडा जळलेल्या असतात का?"

"सोनेरी म्हणा."

वहिनीची खुर्ची करकरली.

"भाज्या, फळं, कोंड्याचं धान्य?"

"भरपूर," धाकटा म्हणाला. इथे काच चौकटीपेक्षा मोठी कापली गेली होती, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी मान डोलावली. "छान. तुमच्या सांगण्यावरून खाण्याचा भाग फारसा दिसत नाही. म्हणजे मला घरातल्या रक्ताकडेच जास्त लक्ष द्यायला हवं. तुमची दुर्बीण लवकर करून टाकू."

वहिनीचा चेहरा उजळला. धाकट्याचा पडला.

"थांबा," तो म्हणाला. "एकदा म्हणजे, रविवारी एकदा."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवस मी धरलेच नव्हते."

"मग धरा."

"सोमवारी असतं. मंगळवारी सोमवारचं उरलेलं असतं. बुधवारी, मंगळवारी उरलेलं खाल्लं म्हणून ताजं असतं."

"आणि भाज्या?"

"ताटात असतात," धाकटा म्हणाला. "ताटातून परत जातात."

"कडा?"

धाकटा आता जोरात होता. दुर्बीण मागे सरकताना त्याला डोळ्यांपुढे दिसत होती. "कोळसा, बाई! सोनेरी कसल्या? खाणीतून काढल्यासारखा कोळसा!"

"भावजी!" वहिनी म्हणाली.

"लपवून काय करायचं, वहिनी? बाईंना खरं कळायला हवं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "भावाला आजार, आणि वर हे खाणं. मग तर दुर्बीण अजून लवकर करायला हवी."

आक्का मधेच म्हणाली, "मी मात्र लग्न झाल्यापासून उकडलेलंच खाते हं." कोणी विचारलं नव्हतं.

वहिनी सगळ्यांच्या पुढे हॉस्पिटलचा जिना उतरू लागली. खालच्या पायरीवर आल्यावर तिने एकच शब्द उच्चारला. "कोळसा?" प्रश्न होता, पण तिला उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी तवा घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर गेला. ताटात उकडलेला दुधी आला, उकडलेल्या गाजराशेजारी. दादाने तो बराच वेळ न्याहाळला.

"अगं, हे काय?"

"उकडलेलं."

"ते कळलं. कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. आणि भावजींसाठी. कोळसा बंद झालाय."

दादा आजारी माणूस. त्याला घरातलं राजकारण कळवलेलं नव्हतं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. दादाने दुधीचा घास घेतला आणि बरेच दिवस काही न बोलण्याचा निर्णय घेतला. चावायला फार काही नसल्याने तो निर्णय पाळणं सोपं गेलं. धाकट्याने मात्र वर जेवायला येणंच सोडलं. काम फार आहे म्हणाला. वहिनी जेवण खाली पाठवू लागली, झाकलेलं, निरोपाशिवाय.

रक्ताचे निकाल आल्यावर बाईंनी पुन्हा बोलावलं. या वेळी दादाही आला, सावकाश, वहिनीच्या खांद्याला धरून.

"काही घरांत एखादं जनुक उघडच बिघडलेलं असतं," बाई म्हणाल्या. "ते आईबापांकडून मुलांकडे सरळ उतरतं आणि फार मोठा धोका घेऊन येतं. तसं तुमच्यात नाही."

"मी म्हणत नव्हतो?" धाकटा म्हणाला. "तवा!"

"पुढे ऐका. छोटे छोटे फरक आहेत. ते पुष्कळ लोकांत असतात आणि एकेकटा फारसा काही करत नाही. पण अशा काही फरकांमुळे तेच खाणं एकाला जास्त नडतं, दुसऱ्याला कमी. तांबडं मांस, टिकवलेलं मांस, जळक्या कडा यांनी धोका वाढतो. काहींच्या बाबतीत तो इतरांपेक्षा जास्त वाढत असावा."

"असावा म्हणजे?" आक्काने विचारलं. तिला पक्का माल लागायचा.

"अभ्यास चालू आहेत. सगळ्यांचं एकमत नाही."

"म्हणजे आमच्यासारखंच," दादा म्हणाला. दुखणं आल्यानंतर त्याने केलेला हा पहिला विनोद. वहिनीने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

धाकटा टेबलावर वाकला. "बाई, आम्हाला निकाल सांगा. रक्त की तवा?"

"दोन्ही मिळून."

"अर्धं-अर्धं?"

"तसे वाटे पडत नाहीत."

"पडतात की! रक्त सत्तर, तवा तीस. नाहीतर तवा सत्तर. आम्ही काही म्हणणार नाही, पण आकडा द्या."

बाईंनी थोडा विचार केला. समोर काचेच्या धंद्यातली माणसं बसली आहेत हे त्यांना आठवलं, आणि कोणाच्याही धंद्यातला दाखला देऊ नये हे त्या विसरल्या.

"असं बघा," त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ते तावदान आहे ना? त्याच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती आणि रुंदीचा किती?"

तिघं भावंडं खिडकीकडे वळली.

"लांबीचा जास्त," आक्का म्हणाली. "लांबी जास्त असते म्हणूनच तिला लांबी म्हणतात."

दादा म्हणाला, "माप सांगा, मग सांगतो."

धाकटा उठून खिडकीपाशी पोहोचला होता. त्याने वितीने काच मोजली, अंगठ्याने कडा दाबली, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी वेदना उमटली. "ही कोणी बसवलीय? खालून केवढी सूट सोडलीय! वारा आला की वाजत असेल."

"वाजते," बाई म्हणाल्या. "सगळ्या हॉस्पिटलच्या वाजतात. एकाच माणसाने बसवल्यात. पण माझं म्हणणं—"

"कळलं तुमचं म्हणणं," दादा म्हणाला. तो खिडकीकडेच बघत होता. "लांबी-रुंदी गुणल्यावर काच होते. नंतर लांबीचा तुकडा वेगळा काढून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही."

"बरोबर."

"आणि लांबी भिंतीने ठरवून दिलेली असली, तरी रुंदी आखडती घेतली की काच लहान होते."

"अगदी बरोबर. नाहीशी होत नाही हं. मांस सोडलेल्यांनाही हा आजार होतो, आणि आयुष्यभर खाणाऱ्या पुष्कळांना होत नाही. पण लहान होते. आणि दुर्बिणीने वेळेवर बघितलं, तर कॅन्सर व्हायच्या आधीच बरंचसं काढून टाकता येतं."

एवढा वेळ गप्प बसलेल्या वहिनीने पदर सारखा केला आणि विचारलं, "मग यात मी किती?"

बाईंचा आवाज मऊ झाला. "तुम्ही? तुम्ही यात कोणीच नाही."

आरोपीची निर्दोष सुटका झाली होती. पण आरोपीचा चेहरा लाल झाला. "कोणीच नाही? लग्न झाल्यापासून या घराला दोन्ही वेळा मी खायला घातलं, आणि मी यात कोणीच नाही?"

बाईंनी खणातून एक रंगीत माहितीपत्रक काढून वहिनीच्या हातात दिलं. 'आहार आणि आनुवंशिकता: आपल्या हातात काय?' वहिनीने ते पिशवीत ठेवलं, आणि पुढे रोज दुपारी चष्मा लावून वाचलं. आपलं नाव कुठे येतंय का, हे ती बघत असावी.

आक्काने दुर्बीण लगेच करून घेतली. तिला निकालाची खात्रीच होती. आतडं स्वच्छ निघालं. तिने डॉक्टरांना उकडलेल्या भाज्यांची हकिकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, "असेल. आणि कदाचित तुमच्या वाट्याला पत्तेही चांगले आले असतील. भावंडांना एकाच जोडातून पत्ते वाटले जातात, पण सारखे नाहीत." गाजरांचं श्रेय अर्धं पत्त्यांना गेलं, म्हणून आक्का स्वच्छ आतडं घेऊन नाराज घरी आली.

धाकट्याची मात्र तारीख ठरेना. आधी एका मोठ्या आरशाचं काम निघालं. मग काच कापायची चाकी बोथट झाली. मग ती नीट झाली आणि धाकट्याला पाठीत उसण भरली. दादा म्हणाला, "धाकट्या, मला बघ. मी गेलो, परत आलो."

"तुझं वेगळं आहे, दादा. तुला झालं होतं."

हा तर्क दादाला पटला नाही. धाकट्यालाही पटला नव्हता, पण ते त्याने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

एका दुपारी जेवण खाली न पाठवता वहिनी स्वतःच घेऊन आली. धाकटा मागच्या खोलीत उभा राहून एका आरशाला चौकट बसवत होता. मोरीपाशी ताटलीत लाल साली पडल्या होत्या. वहिनीने डबा ठेवला. सालींकडे पाहिलं. मग धाकट्याकडे.

"भावजी, हे काय?"

"बीट."

"कोणाचं?"

"माझं. तब्येतीला चांगलं असतं. तुझ्या पत्रकातही असेल बघ."

"तुम्हाला बीट आवडत नाही."

"माणसाची आवड बदलते, वहिनी."

"शाळेत असताना ताटातलं बीट खिशात घालून न्यायचात आणि वाटेत गटारात टाकायचात. खिसा लाल व्हायचा. सदरे मी धुतलेत तुमचे. डाग पडला तर पडू दे, पण बीट गिळणार नाही, असे तुम्ही."

धाकट्याने फडकं घेतलं आणि आरसा पुसायला लागला. आरसा आधीच स्वच्छ होता. त्यात दोघंही दिसत होते, त्यामुळे नजर चुकवायला जागा उरली नव्हती. फडकं हळूहळू थांबलं.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"बीट ना?"

"बीट नव्हे."

रस्त्यावरून एक मोटार गेली. चौकटींच्या थप्पीतल्या काचा किणकिणल्या.

"थोडंसंच असतं," धाकटा आरशाला म्हणाला.

"सूट धरून की सोडून?"

धाकट्याने फडकं खाली ठेवलं. "सोडून."

"म्हणजे बरंच."

"हो."

वहिनी स्टुलावर बसली. ती रडली नाही. तिने साली गोळा करून ताटली मोरीत ठेवली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"मी बाईंसमोर कोळसा म्हणालो," धाकटा म्हणाला.

"म्हणालात."

"कडेचं मीच मागायचो."

"तुम्ही मागायचात, मी करपवायचे, आणि तवा एकच, म्हणून यांच्याही ताटात पडायचं." वहिनीने हात पुसले. "आता वाटे कसले काढता? काढता येत नाहीत म्हणाली ना ती बाई. उठा. चपला घाला."

"आत्ता? आरसा अर्धा राहिलाय."

"आरसा कुठे जात नाही."

त्याच दुपारी तारीख ठरली. वहिनी समोर उभी होती, म्हणून धाकट्याला पाठीची उसण आठवली नाही.

दुर्बिणीच्या आधी पोट रिकामं करण्यासाठी एक औषध प्यायला देतात. त्याबद्दल इथे एवढंच सांगतो की ते प्यायल्यावर माणसाजवळ कोणतंही मत शिल्लक राहत नाही. सकाळी हॉस्पिटलात आलेला धाकटा रक्ताच्या पक्षाचा नव्हता आणि तव्याच्याही नव्हता. तो पिवळट, नम्र आणि उपाशी होता. आक्काने वाटेत गाजराचा विषय काढला, तरी तो वाद न घालता "हो" म्हणाला. आक्का घाबरली.

तो आत गेल्यावर बाहेर तिघं बसून राहिली. दादा, आक्का, वहिनी. तोच व्हरांडा, तीच फरशी. या वेळी कोणी उद्गार काढले नाहीत. फरशी पुसणारी बाई आली तेव्हा तिघांनी न सांगताच पाय वर घेतले. वहिनीने पिशवीतलं पत्रक काढलं, उघडलं, पण ते उलटं धरलं होतं. दादाने ते सरळ करून तिच्या हातात दिलं आणि हात तिथेच राहू दिला.

डॉक्टर बाहेर आले. दोन पॉलिप सापडले होते, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेले मशासारखे कोंब. एक लहान होता. दुसरा चांगलाच पोसलेला, रक्त त्याच्यातूनच येत होतं. दोन्ही दुर्बिणीतूनच कापून काढले. तपासणीला पाठवायचे, पण बघून तरी कॅन्सर झालेला वाटत नव्हता.

"आणखी काही वर्षं राहिला असता, तर थोरल्या भावाच्या वाटेने गेला असता," डॉक्टर म्हणाले. "इथून पुढे ठरावीक काळाने बघत राहायचं. मांस कमी, करपलेलं नको, भाज्या भरपूर."

"आणि बीट?" वहिनीने विचारलं.

"बीट उत्तम. रोज खाल्लं तरी चालेल."

वहिनीने ते नीट लक्षात ठेवलं.

धाकट्याला एका लहान खोलीत आणून निजवलं होतं. गुंगी उतरत होती. तिघं पलंगाभोवती उभी राहिली. दादाने पलंगाची कड धरली. या घराण्यात मनातलं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो जरा गोंधळला. "धाकट्या," तो म्हणाला, "रक्त एक आहे रे आपलं. एका तव्यावरचं खाल्लं आपण. जे काही होतं ते दोघांचं होतं, आणि दोघंही वाचलो. आता यापुढे या घरात कोणी कोणाला दोष देणार नाही."

आक्काने डोळे टिपले. "मीही फार बोलले," ती म्हणाली. "उकडलेलं मला काही आवडतं असं नाही."

हे इतकं अनपेक्षित होतं की सगळे क्षणभर तिच्याकडेच बघत राहिले.

वहिनी पलंगाच्या उशाशी आली. "तवा मी खाली काढणार आहे, भावजी," ती हळूच म्हणाली. "भाज्या परतायला. काळ्या होऊ देणार नाही. पण तुम्ही वर जेवायला या."

धाकट्याचे डोळे उघडले. त्याने दादाकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, वहिनीकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. आवाज येईना. तिघंही खाली वाकली. तेवढ्यात बाहेर वारा सुटला आणि खोलीत टक, टक, टक असा आवाज पुन्हा सुरू झाला. धाकट्याची नजर त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे गेली आणि खिडकीवर स्थिरावली.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "तुझ्या पिशवीत ते पत्रक आहे ना? चार घड्या घालून त्या काचेखाली सार बघू. वाजतेय मघापासून."